गुडघ्याचं लिगामेंट आणि माझी पावणेपाच वर्षं

चिटबॉय_वाळवा | ६ ऑक्टोबर २०२४, रात्री ९:४८

धागा लांबणार आहे. शेवटी एक प्रश्न विचारलाय, त्याचं उत्तर मला खरंच हवंय, म्हणून शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

मार्च २०१४. आमच्या गावची यात्रा, रात्रीचे कबड्डीचे सामने, पाणी मारून दाबलेलं मातीचं मैदान. मी तेवीस वर्षांचा होतो आणि चढाई हे माझं काम. कोपऱ्यातल्या गड्यानं उजवा घोटा धरला, मी मध्यरेषेकडे झेप घ्यायला अंग फिरवलं. अंग फिरलं, पाय तिथंच राहिला. गुडघ्यातून 'कट्' असा आवाज आला, उसाचं कांडं मोडल्यासारखा. पंचांनीसुद्धा तो ऐकला होता. हे त्यांनी मला कित्येक वर्षांनी सांगितलं.

तासाभरात गुडघा टम्म सुजला. आई म्हणाली, "शीर चढलीया, तेल लावून झोप, उतरंल." दुसऱ्या दिवशी तालुक्याला एक्सरे काढला. हाड शाबूत निघालं आणि घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. एक्सरेत लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टा, दिसत नाही हे तेव्हा मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

तीन आठवड्यांत सूज उतरली. दीड महिन्यात नीट चालायला लागलो, दोन महिन्यांत मोटरसायकलला किक मारत होतो. फसगत होते ती इथंच. दुखणं थांबतं. सुरुवातीचे दिवस गेले की पूर्ण तुटलेलं लिगामेंट फारसं दुखत नाही. सरळ रस्त्यानं चाललं तर काही झालंय असं वाटतसुद्धा नाही. मीही तसाच समजलो की बरा झालो.

मी साखर कारखान्याच्या शेती खात्यात चिटबॉय आहे. दिवसभर बांधांवरनं आणि सऱ्यांतनं फिरायचं, उसाच्या नोंदी घ्यायच्या. त्याच वर्षी जूनमध्ये बांधावरून सरीत उतरताना गुडघा पहिल्यांदा सटकला. ज्याला हे झालंय त्यालाच कळेल. मांडी एकीकडं आणि नडगी दुसरीकडं गेल्यासारखं होतं, क्षणभरच, आणि माणूस खाली बसतो. संध्याकाळी सूज, दोन दिवसांनी साफ. त्या वर्षी असं पाच-सहा वेळा झालं. पुढं मी मोजणं सोडून दिलं.

गुडघा सुधारायच्या ऐवजी मी स्वतःला बदलत गेलो. मागून हाक आली तर आधी थांबायचं, मग सगळं अंग घेऊन वळायचं. ओल्या बांधावर जायचं नाही, शेतकऱ्यालाच रस्त्यावर बोलवायचं. उतरताना कठडा. बाजारातली अडीचशे रुपयांची नी कॅप कायम पायात, अशा तीन फाटल्या. उजवी मांडी डावीपेक्षा बारीक झाली होती. ते बायकोच्या लक्षात आलं, माझ्या नाही.

का थांबलो? २०१५ ला धाकट्या बहिणीचं लग्न. मग गळीत हंगाम, तेव्हा रजा मिळत नाही. मग घराचा स्लॅब. आणि खरं सांगायचं तर भीती. गावातल्या एकाचं ऑपरेशन झालं होतं आणि त्याचा गुडघा आखडून बसला होता. त्यानं नंतरचे व्यायाम केलेच नव्हते हे मला फार उशिरा कळलं. तोवर "ऑपरेशन केलं की गुडघा जातो" हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

नोव्हेंबर २०१८. विहिरीवर मोटरीचा फूटव्हॉल्व्ह बघायला उकिडवा बसलो आणि उठताना पाय सरळच होईना. ओढून नाही, दाबून नाही. तसाच वाकड्या पायानं दोन तास बसून होतो, भावानं उचलून जीपमध्ये घातलं. एमआरआय झाला. एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतलं पुढचं लिगामेंट, पूर्ण तुटलेलं, जुनं. दोन हाडांच्या मधली गादी (मेनिस्कस) आतल्या बाजूला फाटून तिचा तुकडा सांध्यात उलटून अडकलेला, बादलीची कडी उलटी पडावी तसा. मांडीच्या हाडावरची गुळगुळीत कूर्चा दोन ठिकाणी झिजलेली.

डॉक्टर चिडले नाहीत. स्क्रीनवर बोट ठेवून शांतपणे म्हणाले, "पहिल्या वर्षात आला असतास तर ही गादी कदाचित फाटलीच नसती, फाटली असती तरी शिवायचा प्रयत्न केला असता. आता तिचा चुरा झालाय." डिसेंबरात ऑपरेशन झालं. मांडीमागच्या स्नायूंच्या दोऱ्या काढून नवीन लिगामेंट बसवलं. गादीचा बहुतेक भाग काढून टाकावा लागला. नवीन लिगामेंट चांगलं आहे, गुडघा तेव्हापासून एकदाही सटकला नाही. पण गादी परत बसवता आली नाही. आज मी तेहतीस वर्षांचा आहे. सकाळी उठल्यावर पहिली वीस पावलं धरून टाकावी लागतात, मांडी घालून पंगतीला बसता येत नाही, आणि नव्या एक्सरेत आतल्या बाजूची फट कमी झालेली दिसते. सांध्याची झीज. ती माझ्या वडिलांना साठीत सुरू झाली.

आता प्रश्न. माझी भाची सोळा वर्षांची, अकरावीत, जिल्हा पातळीवर खेळते. सप्टेंबरात शालेय स्पर्धेत पकड करताना पडली. अक्काचा फोन आला, "लचकलाय, तेल लावतोय, चार दिवसांत बसंल." मी फोन ठेवला आणि थेट तिच्या घरी गेलो. पोरीला एकच विचारलं, "आवाज आला होता का?" ती हो म्हणाली. एमआरआय केला: एसीएल पूर्ण तुटलंय, आणि आतल्या गादीला कडेजवळ छोटी चीर आहे.

घरचे म्हणतात बारावी होऊ दे, मग बघू. म्हणजे मार्च २०२६. दीड वर्ष. मी सांगितलं तर म्हणतात, तुझं ऑपरेशन करूनसुद्धा दुखतंयच की. इथं कुणी जाणकार असतील तर सांगा, थांबलं तर चालेल का? आणि थांबायचं तर कसं?

---

सावली | ६ ऑक्टोबर २०२४, रात्री १०:३०

दादा, वाचून गलबलून आलं. उद्या सविस्तर लिहिते, आमच्या घरातही असंच झालंय. भाचीला तोवर खेळू देऊ नका, "हलकंच खेळते" म्हणाली तरी नाही.

---

फिजिओ_कोल्हापूर | ७ ऑक्टोबर २०२४, सकाळी ७:१५

चिटबॉयदादा, तुम्ही लिहिलंय तसे रुग्ण मी दर आठवड्याला बघते. बहुतेक सगळे तुमच्यासारखेच गादी फाटल्यावर येतात, लिगामेंट तुटल्यावर नाही.

असं का होतं ते सांगते, म्हणजे घरच्यांना समजावता येईल. गुडघ्याच्या आत दोन लिगामेंटं एकमेकांवर फुलीसारखी असतात. पुढचं एसीएल, मागचं पीसीएल. एसीएल नडगीच्या हाडाला पुढं घसरू देत नाही आणि पाय रोवून अंग वळवताना गुडघा आवरून धरतं. ते गेलं की पुढं घसरणाऱ्या हाडाला अडवायचं काम आतल्या बाजूच्या गादीच्या मागच्या टोकावर येतं. चढावर गाडी थांबवली की चाकामागं दगड लावतो, तसं. पण गादी त्या कामाची नाही, ती वजन पसरवण्यासाठी आहे. गुडघा सटकतो तेव्हा दर वेळी मांडीचं हाड तिला चिरडत जातं. कधी पाचव्या वेळी फाटते, कधी पन्नासाव्या. गादीला रक्त मिळतं ते फक्त बाहेरच्या कडेला, म्हणून कडेजवळची ताजी चीर शिवली तर जुळू शकते, आत गेलेली किंवा जुनी कुस्करलेली चीर बहुधा जुळत नाही. आणि गादी काढली की सगळा भार थोड्याशा जागेवर येतो, मग कूर्चा झिजते. तुमच्या सकाळच्या वीस पावलांचं कारण हे आहे.

आता थांबण्याबद्दल. "एसीएल तुटलं की लगेच ऑपरेशन, नाहीतर संपलं" असंही नाही. स्वीडनमध्ये १२१ तरुण, खेळत्या रुग्णांवर अभ्यास झाला, तो २०१० साली प्रसिद्ध झाला. साधारण निम्म्यांचं लवकर ऑपरेशन केलं, बाकीच्यांना आधी व्यायाम दिले आणि गरज पडली तरच ऑपरेशन. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या तक्रारी जवळपास सारख्याच होत्या, आणि दुसऱ्या गटातल्या ५९ पैकी २३ जणांनाच तोवर ऑपरेशन लागलं होतं. पाच वर्षांनी हा आकडा वाढून त्या गटातल्या साधारण निम्म्या जणांपर्यंत गेला. पण त्यांना कुणी तेल लावून घरी बसवलं नव्हतं. महिनोन् महिने देखरेखीखाली मांडीची ताकद, तोल, उडी मारून नीट उतरणं, हे सगळं शिकवलं गेलं होतं. दुसरा अभ्यास ब्रिटनमधला, २०२२ चा, ३१६ रुग्ण. यांची दुखापत जुनी होती आणि गुडघा सटकत राहिला होता. तिथं ऑपरेशनवाले जास्त सुधारले, आणि व्यायामाच्या गटातल्या ४१ टक्के लोकांनी पुढं ऑपरेशन करूनच घेतलं.

म्हणून मी रुग्णाला "किती महिने झाले" याच्या आधी "किती वेळा सटकला" हे विचारते.

तुमच्या भाचीच्या बाबतीत मला वाटतं दीड वर्ष नको. गादीची चीर आज शिवता येण्यासारखी आहे. वय सोळा, कबड्डी सोडणार नाही, आणि सोडली तरी कॉलेजचा जिना, एसटीतून उतरणं, पावसाळा हे आहेच. पण उद्याच्या उद्याही नको. गुडघा सुजलेला आणि ताठलेला असताना ऑपरेशन केलं तर तो नंतर आखडू शकतो. तुमच्या गावातल्या माणसाचं तेही एक कारण असू शकेल. आधी सूज उतरू दे, पाय पूर्ण सरळ होऊ दे, मांडीचा पुढचा स्नायू जागा होऊ दे. त्याला साधारण तीन ते सहा आठवडे लागतात. त्यात पाय मध्येच अडकला तर मात्र वाट बघू नका. वाढीचा प्रश्न मुलींमध्ये सोळाव्या वर्षापर्यंत बहुतेक संपलेला असतो, तरी सर्जन एक्सरेवर खात्री करतील.

आणि अक्काला सांगा, तुमचं आज दुखतंय ते ऑपरेशनमुळं नाही.

---

सायकलवारी | ७ ऑक्टोबर २०२४, सकाळी ११:०२

दुसरी बाजूही इथं नोंदवतो, कारण हे वाचून कुणी घाबरून जाईल.

मी नाशिकला बँकेत आहे. २०१९ साली एक्केचाळीसाव्या वर्षी बॅडमिंटन खेळताना एसीएल गेलं. पूर्ण तुटलं, गादी मात्र शाबूत होती. सर्जननीच सांगितलं, सहा महिने मन लावून व्यायाम कर, सटकला नाही तर ऑपरेशनची गरज नाही. मी आठवड्यातले पाच दिवस, पहाटे पाऊण तास, असे सहा महिने काढले. बॅडमिंटन सोडलं, सायकल धरली. पाच वर्षांत गुडघा एकदाही सटकला नाही, आणि मागच्या वर्षीच्या एमआरआयमध्ये गादी जशीच्या तशी आहे.

पण मी वळायचा, उड्या मारायचा खेळ सोडू शकलो. सोळा वर्षांच्या पोरीला ते सांगणं वेगळं. माझं उदाहरण देऊन कुणी तिला थांबवू नये म्हणून हे शेवटचं वाक्य.

---

सावली | ७ ऑक्टोबर २०२४, दुपारी ३:४०

आमचं प्रकरण एसीएलचं नाही, पीसीएलचं. दुचाकीवाल्या प्रत्येकाने हे वाचावं असं मला मनापासून वाटतं.

२०२१ च्या जुलैत ह्यांची स्कूटर घोडबंदर रोडला घसरली. गुडघा वाकलेला असताना नडगीचा वरचा भाग रस्त्यावर आपटला. एक्सरे काढला, समोरून. "फ्रॅक्चर नाही, मुका मार आहे," क्रेप बँडेज, गोळ्या, आराम. दोन महिने आम्ही आरामच केला. पाय टेकवता येत होता, पण उतारावर गुडघा मागे जातोय असं ते म्हणत राहिले आणि मी "अजून ताकद आली नाही" म्हणत राहिले.

दुसऱ्या डॉक्टरांनी बाजूने काढलेला एक्सरे आणि सीटी स्कॅन बघितला. पीसीएल मधोमध तुटलेलंच नव्हतं. नडगीच्या हाडाचा मागचा एक छोटा तुकडा घेऊन ते उपटलं गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, पहिल्या दोन-तीन आठवड्यांत आला असता तर हा तुकडा जागेवर बसवून एक स्क्रू मारला असता, स्वतःचंच लिगामेंट परत कामाला लागलं असतं. दोन महिन्यांत तो तुकडा वर सरकून भलत्याच जागी चिकटला होता. शेवटी नवीन लिगामेंट घालायचं मोठं ऑपरेशन झालं. एका स्क्रूचं काम होतं, ह्यांचं दीड वर्ष गेलं. नोकरीतली बढती गेली ते वेगळंच.

म्हणजे फिजिओताई म्हणतात तसं एसीएलला थोडं थांबता येतं, पण गुडघ्याच्या सगळ्याच लिगामेंटांना ते लागू नाही. बरोबर ना ताई?

---

फिजिओ_कोल्हापूर | ७ ऑक्टोबर २०२४, संध्या. ६:५५

अगदी बरोबर, आणि तुम्ही ते लिहिलंत हे फार बरं झालं. हाडाच्या तुकड्यासकट उपटलेलं लिगामेंट आणि गुडघ्याच्या बाहेरच्या-मागच्या कोपऱ्यातली दुखापत, या दोन्हींना आठवडे मोजूनच मिळतात. तीनेक आठवड्यांनंतर तिथं व्रण धरतो आणि मूळचं लिगामेंट जागेवर शिवणं अवघड होऊन बसतं. याउलट गुडघ्याच्या आतल्या बाजूचं लिगामेंट, एमसीएल, एकटंच दुखावलं असेल तर ते बहुतेक वेळा पट्टा आणि व्यायामावर जुळतं.

आणि एक परिस्थिती तासांची आहे. मोठा अपघात, गुडघा निखळून परत बसल्यासारखं वाटलं, पाऊल गार पडलं, मुंग्या आल्या किंवा पंजा वर उचलता येईना, तर तो पाय घेऊन हाडवैद्याकडे, मालिशवाल्याकडे, कुठंही जाऊ नका. गुडघ्यामागची रक्तवाहिनी दाबली किंवा फाटली गेली असेल तर सहा-आठ तासांत पाय गमावायची वेळ येते. थेट रक्तवाहिन्यांचे सर्जन असतील अशा मोठ्या रुग्णालयात.

---

काजूबी | ८ ऑक्टोबर २०२४, रात्री ८:१२

मी चंदगड तालुक्यातून लिहितोय. धागा वाचल्यापासून झोप नाही. धाकटा भाऊ २० सप्टेंबरला मोटरसायकलवरून पडला. सावलीताईंनी लिहिलंय तसंच, गुडघा वाकलेला आणि पुढून आपटलेला. हाडवैद्यांनी लेप लावून पट्ट्या बांधल्यात, एकवीस दिवस सोडू नका म्हणाले. पाऊल गरम आहे, बोटं हलवतो. एक्सरे काढलाच नाही. एमआरआयला पैसे किती लागतात? आणि भात कापणी तोंडावर आहे, तोवर थांबलो तर?

---

फिजिओ_कोल्हापूर | ८ ऑक्टोबर २०२४, रात्री ८:२६

दादा, आज अठरावा दिवस आहे. थांबू नका, उद्याच जा. आधी एक्सरे काढा, समोरून आणि बाजूने दोन्ही. तो स्वस्त आहे आणि उपटलेला तुकडा असेल तर बऱ्याचदा त्यातच दिसतो. एमआरआयचं डॉक्टर ठरवतील. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात अस्थिरोग विभागात दाखवा. लेप आणि पट्ट्या तिथंच सोडवतील, गाडीत तशाच राहू द्यात.

---

चिटबॉय_वाळवा | ८ ऑक्टोबर २०२४, रात्री ८:५०

काजूबी, पैशाचं सांगतो. भाचीचा एमआरआय साडेपाच हजारांत झाला. माझं ऑपरेशन २०१८ ला सगळं मिळून एक लाख पस्तीस हजारांना पडलं, आणि दोन महिने बिनपगारी. रेशनकार्ड आणि आधार दोन्ही बरोबर घ्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता सगळ्या रेशनकार्डधारकांना घेतलंय, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. तुमच्या भावाचं ऑपरेशन यादीत बसतं का ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारा. मी विचारलं नव्हतं, आणि नंतर कळून उपयोग नसतो.

भात भाऊबंद कापतील. माझा हंगाम माझ्यावाचून पार पडला होता.

---

मैदानमास्तर | ९ ऑक्टोबर २०२४, दुपारी १२:३०

मी माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षक आहे, बावीस वर्षं मुलींचे कबड्डी आणि खो-खोचे संघ घेऊन फिरतोय. मला आठवतात तेवढ्या नऊ मुली गुडघ्यामुळं संपल्या. त्यातल्या दोघींचाच एमआरआय झाला होता.

मुलाचा गुडघा गेला तर घरात चर्चा होते. मुलीचा गेला तर म्हणतात, बरं झालं, खेळ सुटला. पुढं लग्नाच्या वेळी पायावर ऑपरेशनची खूण नको, हेही मी कानांनी ऐकलंय. त्यामुळं दुखापत लपवली जाते. ती मुलगी पुढं पाण्याचा हंडा घेऊन तोच सटकणारा गुडघा पंधरा वर्षं ओढते.

विनेश फोगाटचा गुडघा १३ ऑगस्ट २०२३ ला सरावात दुखावला आणि १७ ऑगस्टला मुंबईत ऑपरेशन झालं. वर्षाच्या आत ती पॅरिसला अंतिम फेरीपर्यंत पोचली. तिच्या पाठीशी माणसं होती. आमच्या पोरींच्या पाठीशी निदान एक मामा तरी असावा. चिटबॉय, तुम्ही त्या घरी गेलात हे फार मोठं काम केलंत.

एक करण्यासारखं: सरावाआधी वीस मिनिटं पायांची तयारी. उडी मारून गुडघे आत न वळवता उतरणं, एका पायावर तोल, मांडीमागच्या स्नायूंची ताकद. फुटबॉलवाल्यांचा 'फिफा ११+' हा व्यायामक्रम त्यासाठीच बनवलाय, आम्ही तो कबड्डीला जुळवून घेतला. सहा वर्षांत माझ्या संघात एकच एसीएल गेलं.

एक शंका ताईंना: तुम्ही तीन ते सहा आठवडे म्हणता, विनेशचं चार दिवसांत कसं?

---

फिजिओ_कोल्हापूर | ९ ऑक्टोबर २०२४, रात्री ९:२०

तारीख बघून नाही, गुडघा बघून ठरवतात, सर. सूज कमी असेल, पाय पूर्ण सरळ होत असेल, मांडीचा स्नायू जोरात असेल तर सर्जन लवकरही करतात. आमच्याकडे पोर येतं तेच मुळात पंधरा दिवस पाय वाकडा ठेवून, उशी घेऊन झोपलेलं. गुडघ्याखाली उशी घेऊ नका. बरं वाटतं, पण पाय सरळ व्हायचा थांबतो.

---

लेस्टरचा_पाऊस | १० ऑक्टोबर २०२४, पहाटे २:०५

मूळचा सोलापूरचा, आता इंग्लंडात. फुटबॉल खेळताना एसीएल गेलं. इथल्या सरकारी आरोग्य सेवेच्या रांगेत ऑपरेशनला अकरा महिने लागले. पण दुसऱ्याच आठवड्यात फिजिओथेरपी सुरू झाली, आणि पहिल्याच दिवशी फिजिओनं सांगितलं, "फुटबॉल बंद, वळणं बंद." मी ऐकलं. अकरा महिन्यांत एकदाच सटकला, बर्फावर. ऑपरेशनच्या वेळी गादी शाबूत होती. चिटबॉय यांनी विचारलंय ना, थांबायचं तर कसं, ते असं.

---

खोखो_९ | १० ऑक्टोबर २०२४, रात्री ११:१८

उशीर केल्याचं सगळ्यांनी लिहिलं, मी घाई केल्याचं लिहिते. ऑपरेशन वेळेत झालं, पण पाचव्या महिन्यात विद्यापीठाची निवड चाचणी होती म्हणून मैदानात उतरले. दुखत नव्हतं. खांबाला वळताना नवीन लिगामेंट तुटलं. नंतर कळलं की नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतायला जितका एकेक महिना जास्त घ्याल, तितका पुन्हा दुखापतीचा धोका दर महिन्याला जवळपास निम्म्यानं घटतो, असं नॉर्वे आणि अमेरिकेतल्या लोकांनी २०१६ साली मांडलंय. भाचीला नऊ महिने झाल्याशिवाय, आणि दुखऱ्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या नव्वद टक्के भरल्याशिवाय, चपला काढून मैदानात पाऊल टाकू देऊ नका. ती रडेल. रडू दे.

---

काजूबी | ११ ऑक्टोबर २०२४, सकाळी १०:४४

बाजूच्या एक्सरेत मागचा तुकडा निघालेला दिसला. पीसीएलच. डॉक्टर म्हणाले थोडा सरकलाय, पण अजून बसवता येईल. परवा ऑपरेशन. हाडवैद्यांना सांगायला गेलो तर ते म्हणाले, "मला आतलं काय दिसतंय, तू नेलंस तेच बरं." सावलीताई, तुमचं कसं मानू कळत नाही.

---

सावली | ११ ऑक्टोबर २०२४, सकाळी ११:०१

ह्यांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. बराच वेळ काही बोललेच नाहीत.

---

चिटबॉय_वाळवा | २४ नोव्हेंबर २०२४, रात्री ९:१०

उशिरा लिहितोय, माफ करा. भाचीचं ऑपरेशन दिवाळी झाल्यावर, ११ तारखेला झालं. त्याआधी महिनाभर व्यायाम करून घेतले. फिजिओताईंचा प्रतिसाद मी अक्काच्या मालकांना मोठ्यानं वाचून दाखवला होता, शेवटच्या ओळीसकट. आणि हिशेब मांडला: आत्ता केलं तर ऑगस्टात नऊ महिने पुरे, बारावीची परीक्षा पुढं फेब्रुवारीत. दाजी हिशेबाचे पक्के आहेत, त्यांना ते पटलं. लिगामेंट नवीन बसवलं आणि गादी शिवली. काढावी लागली नाही. डॉक्टरांनी शिवलेल्या टाक्यांचा फोटो दाखवला, तो मी माझ्या फोनमध्ये ठेवलाय.

शिवलेल्या गादीमुळं सहा आठवडे काटकोनाच्या पुढं वाकवायचं नाही आणि कुबड्या. कॉलेजला सध्या मैत्रिणी वह्या आणून देतात.

काल तिच्याकडे गेलो होतो. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघा खाली दाबायचा, दहा आकडे धरायचा आणि सोडायचा, हा व्यायाम चालला होता. मोजायचं काम अक्काकडे. चुलीवर दूध होतं, तिचं अर्धं लक्ष तिकडं. भाची म्हणाली, "आई, तू सातवरनं एकदम दहावर गेलीस." अक्का उठली, दूध खाली उतरवून आली, आणि परत एकपासून मोजायला लागली.